प्लेटमध्ये विषाणू रोखणारे पेप्टाइड फुप्फुसात चालेल का, हे कसे तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: २० अमिनो आम्लांचे, +६ निव्वळ भाराचे, साधारण २४०० रेणुभाराचे एक पेप्टाइड हाताशी आहे. एमडीसीके पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या) एच१एन१ इन्फ्लुएन्झावर त्याचा ईसी५०, म्हणजे निम्मा विषाणू रोखणारी मात्रा, ५ मायक्रोमोलार आला. पेशींना अपाय करणारी मात्रा, म्हणजे सीसी५०, ६० मायक्रोमोलार. दोन्हींचे गुणोत्तर १२. आता उंदरांवर प्रयोग सुरू करावा का, आणि फुप्फुसाच्या विषाणूजन्य संसर्गावरचे औषध म्हणून या पेप्टाइडची पारख कोणत्या क्रमाने करावी?

उंदरांकडे आत्ताच जाऊ नका. पेप्टाइडच्या बाबतीत पेशींच्या प्लेटवरचा आकडा फसवा निघण्याच्या ज्या वाटा आहेत, त्या बहुतेक स्वस्तात आणि दोन-तीन आठवड्यांत तपासता येतात. त्या आधी तपासा. आणि त्याहीआधी कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब करा, कारण तो केला की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

फुप्फुसाच्या आतल्या पृष्ठभागावर द्रवाचा जो पातळ थर असतो, तो सगळा गोळा केला तर प्रौढ माणसात ढोबळमानाने १५ ते ३० मिली भरतो. आपण २० धरू. तुमचे ५ मायक्रोमोलार म्हणजे मिलिलिटरला १२ मायक्रोग्रॅम. २० मिलीत ईसी५० गाठायला २४० मायक्रोग्रॅम पेप्टाइड प्रत्यक्ष फुप्फुसात पोचायला हवे. पण ईसी५० म्हणजे निम्मा विषाणू मोकळाच. प्रतिसादाच्या आलेखाचा हिल उतार (मात्रेबरोबर परिणाम किती झपाट्याने वाढतो ते) १ असेल तर ९० टक्के रोखायला ईसी५०च्या ९ पट आणि ९९ टक्के रोखायला ९९ पट मात्रा लागते. साधारण १० पट धरली तर २.४ मिलिग्रॅम आणि १०० पट धरली तर २४ मिलिग्रॅम फुप्फुसात हवे. साध्या जेट नेब्युलायझरच्या कपात ओतलेल्या औषधापैकी दहाएक टक्के खोल फुप्फुसात बसते. म्हणजे कपात अनुक्रमे २४ आणि २४० मिलिग्रॅम, तेही एका डोसला. ३ मिलीच्या कपात २४० मिलिग्रॅम म्हणजे मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम. इतक्या दाट द्रावणात +६ भाराचे उभयस्नेही (पाणी आणि स्निग्ध, दोन्हींना धरणारे) पेप्टाइड बहुधा फेसाळते किंवा जेल होते.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. श्वासनलिकेच्या फाट्यांवर तो सरासरीच्या कितीतरी पट साचतो आणि कफाने बुजलेल्या भागात जवळपास पोचतच नाही. सरासरी ५० मायक्रोमोलार ठेवायची म्हटली, तर फाट्यांवरच्या पेशी तुमच्या ६० मायक्रोमोलारच्या मर्यादेच्या सहज पलीकडे जातात. म्हणून गोळीच्या औषधाला १२ हे गुणोत्तर जेमतेम चालले, तरी फवाऱ्याने द्यायच्या पेप्टाइडला ते अपुरे आहे. माझा आग्रह किमान १०० चा असतो.

तुलनेसाठी दुसऱ्या जातीचे पेप्टाइड घ्या: विषाणूचे आवरण पेशीशी जुळवणाऱ्या संलयन प्रथिनातल्या एचआर२ या पट्ट्यावरून बेतलेले आणि कोलेस्टेरॉल जोडलेले. रेणुभार ५०००, ईसी५० ५० नॅनोमोलार. १०० पट मात्रेसाठी फुप्फुसात अर्धा मिलिग्रॅम आणि कपात ५ मिलिग्रॅम पुरतात. हे औषध बनू शकते. पेप्टाइड क्षेत्रातले लोक मायक्रोमोलार आणि नॅनोमोलारमधल्या फरकावर इतके का अडून बसतात, ते या दोन हिशेबांवरून कळेल.

कुपीत नेमके काय आहे

घन-आधारावरच्या संश्लेषणातून आलेले पेप्टाइड ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लाचा, म्हणजे टीएफएचा क्षार म्हणून मिळते. टीएफएचा रेणुभार ११४. सहा धन भारांना सहा टीएफए चिकटले की ६८४ वजन वाढले, म्हणजे ३०८४ पैकी २२ टक्के नुसते टीएफए. वर ओलावा. कुपीवर १० मिलिग्रॅम लिहिले असले तरी आत पेप्टाइड ७-७.५ मिलिग्रॅमच असते. शुद्धता ९५ टक्के आहे असा एचपीएलसीचा (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त पेप्टाइडसदृश पदार्थांतले प्रमाण सांगतो. साखळीत ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसीन असेल तर २८० नॅनोमीटरवर मोजा (शोषणांक ट्रिप्टोफॅनला ५५००, टायरोसीनला १४९०). नसेल तर अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या. टीएफए स्वतः पेशींना त्रास देते, त्यामुळे पेशींवर जाण्याआधी क्षार अॅसिटेट किंवा क्लोराइडमध्ये बदलून घ्या आणि विस्कटलेल्या क्रमाच्या कंट्रोल पेप्टाइडलाही तीच प्रक्रिया द्या. एक टीएफएचा आणि दुसरा अॅसिटेटचा असेल, तर दोघांतला फरक पेप्टाइडचा की क्षाराचा हे सांगता येणार नाही.

एन्डोटॉक्सिनची चाचणी वगळू नका. धन भाराचे पेप्टाइड जिवाणूंच्या एलपीएसला, म्हणजे याच एन्डोटॉक्सिनला, घट्ट धरून ठेवते आणि नेहमीच्या एलएएल चाचणीत ते झाकले जाते. अहवाल स्वच्छ येतो. म्हणून ज्ञात प्रमाणात एन्डोटॉक्सिन मिसळून ते परत किती सापडते, हे बघा. निम्म्याहून कमी सापडले तर तो अहवाल धरू नका. एलपीएस राहिले तर उंदराच्या नाकातून ते जाते, न्यूट्रोफिल आणि इंटरफेरॉन जागे करते, आणि उंदीर इन्फ्लुएन्झापासून खरोखर वाचतो. श्रेय मात्र पेप्टाइडला जाते.

साधी वाटणारी आणखी एक गोष्ट: धन भाराचे पेप्टाइड पॉलिस्टायरीनला चिकटते. विरलीकरणाची मालिका नेहमीच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये केली तर खालच्या पायऱ्यांतले बरेचसे पेप्टाइड भिंतीवरच राहते, आणि ईसी५० खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. मालिका पॉलिप्रोपिलीनमध्ये करा, विरल करायला ०.०१ टक्का अॅसिटिक आम्लात ०.२ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) वापरा. सिस्टीन किंवा मेथिओनीन असेल तर साठा डीएमएसओ या द्रावकात करू नका, ऑक्सिडीकरण होते. फ्रीजरमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका; थंड पावडर हवेतला ओलावा ओढते, आणि पुढचे प्रत्येक वजन चुकते.

इन्फ्लुएन्झाच्या चाचणीतला ट्रिप्सिन

तुमच्या आकड्याबद्दल मला सर्वांत मोठी शंका इथे आहे.

इन्फ्लुएन्झाचे हिमॅग्लुटिनिन प्रथिन एखाद्या प्रोटीएजने (प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमने) कापल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. एमडीसीके पेशींकडे ते कापणारे एन्झाइम पुरेसे नसते, म्हणून माध्यमात टीपीसीके-ट्रिप्सिन घालतात, सहसा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास. ट्रिप्सिन साखळी लायसीन आणि आर्जिनीननंतर कापते. तुमच्या पेप्टाइडचा +६ भार याच दोन अमिनो आम्लांमुळे आहे. म्हणजे तीन दिवसांच्या प्लाक चाचणीत (विषाणूने पेशींच्या थरात पाडलेली छिद्रे, म्हणजे प्लाक, मोजण्याची चाचणी) तुमचे पेप्टाइड पहिल्या काही तासांतच तुकडे होऊन संपले असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर ५ मायक्रोमोलार हा आकडा पेप्टाइडवर अन्याय करतो.

उलटेही होऊ शकते. पेप्टाइड ट्रिप्सिनच्या खाचेत बसून त्यालाच अडवत असेल, तर विषाणूचे दुसरे चक्र सुरू होणार नाही, प्लाक कमी दिसतील, आणि आपण समजू की पेप्टाइड विषाणूविरोधी आहे. प्रत्यक्षात त्याने तुम्हीच घातलेल्या एन्झाइमला थांबवले. डायसल्फाइडने बांधलेल्या छोट्या वर्तुळाकार पेप्टाइडांत हा धोका जास्त. सूर्यफुलाच्या बियांतला १४ अमिनो आम्लांचा एसएफटीआय-१ हा तर ट्रिप्सिनचा अतिशय जोरदार रोधक आहे.

दोन्ही शक्यता एका दिवसात निकाली निघतात. चाचणीतलेच माध्यम, तेवढेच ट्रिप्सिन, पेशी आणि विषाणू वगळून. ३७ अंशांवर पेप्टाइड ठेवा. ०, १५, ३०, ६० आणि २४० मिनिटांना थोडे काढून त्यात आम्लयुक्त अॅसिटोनायट्राइल घाला, म्हणजे एन्झाइम थांबेल, आणि एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचे रेणुभार मोजणारे यंत्र) अखंड रेणू किती उरला ते बघा. दुसऱ्या वेलमध्ये ट्रिप्सिनचा चमकणारा सबस्ट्रेट घालून एन्झाइमचा वेग पेप्टाइडसह आणि पेप्टाइडविना मोजा. मग मूळ चाचणी ट्रिप्सिनशिवाय, एकाच चक्राची करा: आधीच सक्रिय केलेला विषाणू, एमओआय (दर पेशीमागे विषाणू) साधारण १, ८ ते १० तासांनी पेशी स्थिर करून न्यूक्लिओप्रोटीनच्या अँटीबॉडीने रंगवा आणि संसर्गित पेशी मोजा. इथे ईसी५० ५ वरून ०.५ मायक्रोमोलारवर आला तर वरचा सगळा हिशेब दहापटीने सुधारतो. ५ वरून ५० वर गेला तर मूळ परिणाम ट्रिप्सिनचाच होता.

नेमके कुठे आणि केव्हा काम करते

चार वेगवेगळ्या वेळी पेप्टाइड घालून बघा: आधी पेशींवर घालून धुऊन टाकणे; आधी विषाणूसोबत ठेवणे; विषाणू आणि पेप्टाइड एकत्र देणे; विषाणू आत शिरल्यावर, दोन तासांनी देणे. बहुतेक धन भाराची पेप्टाइडे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात काम करतात, म्हणजे बाहेर तरंगणाऱ्या विषाणूवर. हे निरुपयोगी नाही, कारण पुढच्या चक्राचा विषाणू बाहेर येतोच. पण मग रुग्ण उशिरा आला तर काय, हा प्रश्न उभा राहतो.

विषाणूसोबत आधी ठेवण्याच्या चाचणीत एक चूक फार वेळा दिसते. १०० मायक्रोमोलार पेप्टाइडमध्ये विषाणू ठेवला आणि तेच मिश्रण १० पट विरल करून पेशींवर ओतले, तर पेशींवर १० मायक्रोमोलार उरते, ईसी५०च्या दुप्पट. विषाणू आधीच निकामी झाला की पेशींवर अडला, हे कळत नाही. विषाणूचा साठा इतका दाट घ्या की ५०० ते १००० पट विरल केल्यावरही प्लाक मोजता येतील. शिवाय पेप्टाइडने विषाणूकणांची नुसती मोळी बांधली असेल, तरी प्लाक कमी होतात. दहा विषाणूंचा गठ्ठा एकच प्लाक देतो. हे डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. आरटी-क्यूपीसीआरवर एकट्यावर विसंबू नका. फुटलेल्या विषाणूचा आरएनएही तो मोजतो, त्यामुळे विषाणूनाशक पेप्टाइड त्यात निष्प्रभ दिसू शकते. सीटी (त्या चाचणीत आरएनए दिसायला लागणारी चक्रे) ३.३ ने वाढला म्हणजे आरएनए दहापट घटला. टायटरमधली (जिवंत विषाणूच्या मोजणीतली) घट त्याहून बरीच मोठी असेल तर तेही लिहा.

पेशींची निवड हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याचा धडा सगळ्यांनी २०२० मध्ये पाहिला. व्हेरो पेशींमध्ये (माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या) क्लोरोक्वीनने सार्स-कोव्ह-२ रोखला, कारण त्या पेशींत टीएमपीआरएसएस२ हे पृष्ठभागावरचे प्रोटीएज नसल्याने विषाणू एन्डोसोमच्या (पेशीतल्या पिशव्यांच्या) वाटेने, कॅथेप्सिन एल या तिथल्या प्रोटीएजच्या मदतीने शिरतो. माणसाच्या फुप्फुसातून आलेल्या कॅलू-३ पेशींत टीएमपीआरएसएस२ असते, विषाणू पृष्ठभागावरूनच शिरतो, आणि तिथे क्लोरोक्वीनचा काही उपयोग झाला नाही. व्हेरो पेशी स्वतः टाइप-१ इंटरफेरॉनही बनवत नाहीत, त्यामुळे जन्मजात प्रतिकारशक्ती जागवून काम करणारे पेप्टाइड तिथे मुळातच दिसणार नाही. धनभारी उभयस्नेही रेणू पेशींत फॉस्फोलिपिड साचवतात आणि त्यामुळेही विषाणू वाढत नाही, हे २०२१ मध्ये अनेक औषधांच्या बाबतीत दाखवले गेले. तुमच्या पेप्टाइडला हा प्रश्न लागू होतो. फॉस्फोलिपिडोसिसचा रंग एकदा करून बघा.

शेवटचा दाखला मात्र हवा-द्रव सीमेवर वाढवलेल्या माणसाच्या श्वसनमार्गाच्या प्राथमिक पेशींचा घ्या. त्यांना पूर्ण वाढायला चार आठवडे लागतात, खर्चही होतो, पण तिथे केसल पेशी आहेत, श्लेष्मा आहे, स्वतःचे प्रोटीएज आहेत आणि बाहेरून ट्रिप्सिन घालावे लागत नाही. पेप्टाइड वरून, १० ते २० मायक्रोलिटरमध्ये द्या. जास्त द्रव ओतला तर हवा-द्रव सीमाच बुडते. पेशींच्या थराचा विद्युतरोध रोज मोजा. कंट्रोलच्या तुलनेत तो निम्म्यावर आला तर अस्तर फाटत आहे, मग एमटीटीचा, म्हणजे पेशी जिवंत आहेत का या चाचणीचा, आकडा कितीही चांगला असो.

अपायाच्या बाबतीत रक्तपेशींची चाचणी (पेप्टाइडने तांबड्या पेशी फुटतात का) आधी करा, ती तासाभराची आहे. केरळमधल्या बेडकाच्या त्वचेतून मिळालेल्या उरुमिनची गोष्ट इथे आठवते. हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकाचे वर्णन २०१५ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाले, आणि दोन वर्षांनी त्याच्या त्वचेतली पेप्टाइडे इन्फ्लुएन्झावर तपासली गेली. ३२ पैकी ४ गुणकारी निघाली. त्यांतली तीन माणसाच्या रक्तपेशी फोडत होती. उरलेले एक ते उरुमिन. ते हिमॅग्लुटिनिनच्या देठाला धरते, एच१ प्रकारच्या विषाणूंवर चालते, एच३ वर नाही. एवढी नेमकी निवड दिसली की पेप्टाइड कुठलेही पटल फोडत सुटलेले नाही, याची खात्री वाटते. तुमचे पेप्टाइड एच१, एच३, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा वेगळ्याच कुळातला विषाणू) या सगळ्यांवर आणि रक्तपेशींवरही एकाच मात्रेत चालत असेल, तर ते साबणासारखे वागत आहे.

श्वसनमार्गासाठी आणखी एक चाचणी हवी, जी बहुतेक जण विसरतात: मास्ट पेशी. धन भाराची पेप्टाइडे एमआरजीपीआरएक्स२ या ग्राहीमार्फत, आयजीई या अॅलर्जीच्या अँटीबॉडीशिवायच, मास्ट पेशींतून हिस्टामिन सोडवू शकतात. फुप्फुसात त्याचा अर्थ श्वासनलिका आवळणे. एलएडी२ या माणसाच्या मास्ट पेशींवर, हिस्टामिनसोबत बाहेर पडणारे बीटा-हेक्सोसअमिनिडेज मोजा. उंदराची तत्सम ग्राही वेगळी असल्याने उंदरात काही दिसले नाही, यावर समाधान मानू नका.

फुप्फुसातला द्रव, आणि फवारा

संसर्ग झालेल्या फुप्फुसात न्यूट्रोफिल इलास्टेज असते, मृत पेशींचा डीएनए असतो, सियालिक आम्लामुळे ऋण भाराचा श्लेष्मा असतो आणि वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट असते. धन भाराचे पेप्टाइड यातल्या प्रत्येकाला चिकटते किंवा प्रत्येकाकडून कापले जाते. म्हणून ईसी५० पुन्हा काढा: १५० मिलिमोलार मीठ; मग १० टक्के माणसाचे सीरम; मग नवजात बाळांना देतात त्या सर्फॅक्टंटचे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम; मग कफाचा अर्क. एकेक घटक वेगळा आणि शेवटी सगळे एकत्र. ईसी५० तिप्पट-चौपट वाढला तर ठीक. तीसपट वाढला तर प्रवास इथेच थांबतो. टिकाऊपणासाठी कफाच्या अर्कात ३७ अंशांवर अर्धायुष्य काढा. ते अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर टोकांवर अॅसिटिल आणि अमाइड लावणे, वर्तुळ करणे, स्टेपल (साखळीला आडवा टाका) लावणे किंवा काही ठिकाणी डी-अमिनो आम्ले (नेहमीच्या अमिनो आम्लांची आरशातली रूपे) घालणे, हे उपाय आहेत. पूर्ण डी-रूप करून बघण्याचा दुहेरी फायदा आहे. तेही तितकेच गुणकारी ठरले तर पेप्टाइड प्रथिनाला नव्हे, पटलाला धरते, हे कळते. आणि प्रोटीएज त्याला कापू शकत नाहीत.

पेप्टाइड फुप्फुसात देता येते, याचे उदाहरण आहे: मुदतपूर्व बाळांसाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या ल्युसिनॅक्टंट या सर्फॅक्टंटमध्ये २१ अमिनो आम्लांचे सिनापल्टाइड होते. पण ते द्रवरूपात श्वासनलिकेत सोडले जाई. फवारा करताना पेप्टाइडला हवा आणि पाण्याच्या सीमेवर लाखो वेळा ओढले जाते, आणि उभयस्नेही रेणू नेमका तिथेच जाऊन उलगडतो, तंतू बनवतो. अल्ट्रासॉनिक यंत्र द्रावण तापवते, ते टाळा. व्हायब्रेटिंग मेशमध्ये फेस झाला की छिद्रे बुजतात आणि फवारा मध्येच बारीक होतो, ०.०१ ते ०.०२ टक्के पॉलिसॉर्बेट ८० बहुधा पुरते. फवाऱ्याचे थेंब थंड नळीत गोळा करा आणि तीन गोष्टी मोजा: एचपीएलसीवर अखंड पेप्टाइड, लाइट स्कॅटरिंगवर गठ्ठे, आणि प्लाक चाचणीत गुण. रासायनिकदृष्ट्या ९८ टक्के अखंड, पण गुण निम्मा, असे होऊ शकते. गठ्ठे झालेले असतात. कपात उरलेले द्रावणही तपासा, जेट यंत्रात पाणी उडून ते दाट होत जाते. थेंबांचा व्यास १ ते ५ मायक्रोमीटर, ऑस्मोलॅलिटी ३०० च्या जवळपास ठेवा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड परिरक्षक म्हणून घालू नका: ते श्वासनलिका आवळते, आणि आवरण असलेला विषाणू स्वतःच मारते, म्हणजे चाचणीही बिघडते.

उंदीर, हॅमस्टर, फेरेट

इथवर टिकले तर प्राणी. आणि इथला सगळ्यात मोठा फसवा परिणाम अगदी साधा आहे: नाकातून पेप्टाइड, दहा मिनिटांनी त्याच नाकातून विषाणू. दोघे नाकातच भेटतात. हा परीक्षानळीतलाच प्रयोग झाला, नळीच्या जागी उंदीर एवढाच फरक. असा गट ठेवायचा तर प्रतिबंधक म्हणून ठेवा, उपचाराचा दावा त्यावर करू नका. उपचारासाठी विषाणू दिल्यानंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी सुरू होणारा दुसरा गट हवाच. भूल दिलेल्या उंदराला नाकातून ५० मायक्रोलिटर दिले तर बरेचसे फुप्फुसात उतरते, १० दिले तर नाकात राहते. प्रत्येक गटात, कंट्रोलमध्येसुद्धा, आकारमान तेच ठेवा. वाहक द्रव, विस्कटलेल्या क्रमाचे पेप्टाइड आणि ओसेल्टामिविर (इन्फ्लुएन्झाचे प्रचलित औषध), असे तीन कंट्रोल ठेवा.

दुसरा फसवा परिणाम फुप्फुस कुटताना होतो. तिसऱ्या दिवशी फुप्फुस काढले, त्यात पेप्टाइड शिल्लक आहे. कुटताना पेशी फुटल्या, विषाणू आणि पेप्टाइड पहिल्यांदाच समोरासमोर आले, आणि टायटर खाली आला. जिवंत उंदरात यातले काहीच घडलेले नसते. उपाय: संसर्ग नसलेल्या पण पेप्टाइड दिलेल्या दोन-तीन उंदरांची फुप्फुसे तशीच कुटा, त्यात मोजलेला विषाणू घाला, आणि तो सगळा परत मिळतो का बघा. हा कंट्रोल नसलेला टायटर मी ग्राह्य धरत नाही.

प्राणी विषाणूप्रमाणे निवडा. आरएसव्हीला कॉटन रॅट, सार्स-कोव्ह-२ ला सीरियन हॅमस्टर; माणसाची एसीई२ ही सार्स-कोव्ह-२ ची ग्राही घातलेला के१८ उंदीर मेंदूच्या संसर्गाने मरतो, त्यामुळे तिथे जगण्याची टक्केवारी फुप्फुसाच्या औषधाबद्दल फारसे सांगत नाही. फेरेटच्या श्वसनमार्गातल्या ग्राही माणसाच्या जवळच्या असल्याने इन्फ्लुएन्झाचा प्रसार तिथे पाहतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बनवलेले, सार्स-कोव्ह-२ ची काटेप्रथिने एकमेकांना जखडणारे छोटे प्रथिन एसआयएच-५ हॅमस्टरमध्येच तपासले गेले. ते काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवंत सार्स-कोव्ह-२ वरचे काम बीएसएल-३ या उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच. ती सोय नसेल तर स्यूडोव्हायरस (दुसऱ्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर काटेप्रथिन बसवलेला) बीएसएल-२ मध्ये चालतो, पण तो फक्त प्रवेशाबद्दल सांगतो.

याच टप्प्यावर विषाणूला पेप्टाइडच्या वाढत्या मात्रेत १५-२० पिढ्या वाढवून त्याचा जनुकक्रम वाचा. एचआयव्हीवरच्या ३६ अमिनो आम्लांच्या एन्फुविर्टाइडला, जे २००३ मध्ये मान्य झाले, विषाणूने जीपी४१ या संलयन प्रथिनाच्या ३६ ते ४५ या छोट्याशा पट्ट्यात बदल करून चुकवले. बदल जिथे सापडेल तिथे पेप्टाइड बसते, हा कार्यपद्धतीचा सर्वांत भक्कम पुरावाही ठरतो.

माणसात मोजायचे काय

विषाणू कमी झाला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे नाही. आरएसव्हीने रुग्णालयात दाखल झालेल्या लहान मुलांना फवाऱ्याने दिलेल्या एएलएक्स-०१७१ या नॅनोबॉडीने (छोट्या अँटीबॉडी-तुकड्याने) विषाणूचे प्रमाण लवकर खाली आणले, पण मुलांच्या आजारात फरक पडला नाही. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले दाखल होईपर्यंत विषाणूचा जोर ओसरू लागलेला असतो आणि उरलेले नुकसान सूज आणि कफ करत असतात. अविप्टाडिल हे २८ अमिनो आम्लांचे पेप्टाइड तर विषाणूला रोखण्यापेक्षा फुप्फुसाच्या रक्षणासाठी दिले जात होते. अत्यवस्थ कोविड रुग्णांतल्या टेसिको चाचणीत शिरेतून दिल्यावर त्याचा लाभ दिसला नाही. म्हणून प्रवेश रोखणाऱ्या पेप्टाइडची पहिली परिणामकारकता चाचणी लक्षणे सुरू होऊन ४८ तासांच्या आतल्या, जोखमीच्या रुग्णांत आखा. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत नको.

आता तुमच्या पेप्टाइडपुरते. पहिल्या आठवड्यात: खरे वजन, क्षार बदल, ट्रिप्सिनच्या दोन्ही चाचण्या, रक्तपेशी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात: एकाच चक्राचा ईसी५०, वेळेप्रमाणे चार प्रकार, मीठ-सीरम-सर्फॅक्टंट-कफ. यातून ईसी५० ०.५ मायक्रोमोलारच्या खाली आणि सीसी५० शी गुणोत्तर १०० च्या वर आले, तर हवा-द्रव सीमेच्या पेशींवर खर्च करा.

ईसी५० २ ते ५ मायक्रोमोलारवरच अडला आणि रक्तपेशी मात्र सुरक्षित असल्या, तर खोल फुप्फुसाचा नाद सोडून नाकातल्या प्रतिबंधाचा विचार करा. तिथे जागा थोडी, मात्रा थोडी पुरते, फाट्यांवर साचण्याचा प्रश्न नाही. सार्स-कोव्ह-२ विरुद्धच्या, कोलेस्टेरॉल जोडलेल्या, दोन साखळ्यांच्या पेप्टाइडने २०२१ मध्ये फेरेटमध्ये हेच करून दाखवले: रोज नाकातून डोस, मग संसर्गित फेरेटसोबत २४ तास एकाच पिंजऱ्यात, आणि संसर्ग लागला नाही. पण तिथे कोलेस्टेरॉलने पेप्टाइडला पेशीच्या पटलात रोवून ठेवले होते. साधे पेप्टाइड नाकातला श्लेष्मा पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे वाहून नेतो. तेव्हा पुढच्या संश्लेषणात मूळ साखळीसोबत सी-टोकाला सिस्टीन असलेली आवृत्तीही मागवा. चार पीईजी एककांच्या दुव्याने कोलेस्टेरॉल जोडायला तीच लागते, आणि ती साठवताना डीएमएसओपासून दूर ठेवावी लागते.